आवासकरांच्या घरची विषयसूची

कीबोर्डची कड कपाळावर बसली तेव्हा मेबल ‘न’ या अक्षरावर होती. नारळ, नारळाचं दूध, नारळीभात अशी ओळ तिने लावली होती आणि प्रत्येक शब्दापुढे पानांचे आकडे टाकत होती. बेंजामिनने म्हणे दोनदा हाक मारली होती. तिसऱ्यांदा घसा कोरडा करायची त्याला गरज वाटली नाही. त्याने तिच्या हातांखालचा कीबोर्ड ओढला आणि तोच तिला हाणला.

“जेवायची वेळ काय हाय आपली?” तो म्हणाला.

“एक.”

“आणि आता किती वाजले?”

“एक वाजून दहा मिन्टं.”

“मग?”

मेबलने कपाळाला हात लावला. बोटं ओली झाली. खाली पडलेला कीबोर्ड तिने उचलून टेबलावर ठेवला आणि पदर कपाळावर दाबत ती भात वाढायला उठली. जखमेत हळद भरली, वर पट्टी चिकटवली, त्याच हाताने त्याच्या ताटात आमटी वाढली. सदुसष्ट वर्षांच्या बाईला जमावं त्याहून हे सगळं फारच झटपट झालं, कारण सवय होती.

रेडिओवर बातम्या लागल्या. कुठल्याशा शहरात बसमध्ये स्फोट झाला होता. मेलेल्यांची नावं अजून सांगत नव्हते, पण एक बाई लेकराला घेऊन बसली होती एवढं सांगितलं. बेंजामिनचा घास हातात राहिला. त्याचे डोळे भरून आले.

“माणसं हायत का जनावरं?” तो म्हणाला, आणि खरंच रडला. ते रडणं नाटकी नव्हतं. परक्यांच्या दुःखाने त्याचं काळीज पाघळायचं आणि ते साऱ्या किर्यात मलाखी गावाला ठाऊक होतं. कोणाचा नळ गळतोय, बेंजामिनभाऊला बोलवा. मयताला खांदा द्यायचाय, बेंजामिनभाऊ सर्वांत पुढे. सिनेगॉगमध्ये त्याचा आवाज असा लागायचा की बायकांच्या बाजूला रुमाल निघायचे. कापडाच्या गिरणीत तीस वर्षं फिटर होता, एका माणसाशी कधी वाकडं बोलला नाही. जे काही वाकडं होतं ते त्याने घरासाठी राखून ठेवलं होतं.

मेबल शहराच्या वाचनालयात कार्डं टाइप करायची. बावीस वर्षं. त्रेसष्ट साली माझगावहून या ज्यूंच्या देशात आली तेव्हा हिब्रूचं पहिलं अक्षर, अलेफसुद्धा येत नव्हतं; पण मुंबईत टायपिंग शिकली होती, बोटं तयार होती. अक्षरं बदलली, बोटं तीच. पुस्तक यायचं, ती ते चाळायची, त्यात काय काय आहे त्याची कार्डं करायची. तिथल्या मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात दोन नियम सांगितले होते. पानावर जे आहे ते सूचीत आलंच पाहिजे, लेखकाला काय म्हणायचं होतं ते नको. आणि एका गोष्टीला एकच नाव. चार जण चार नावांनी शोधत आले तर त्यांना त्या एका नावाकडे पाठवायचं. ‘कांजिण्या – पाहा देवी’ असं एकदा तिने लिहिलं तेव्हा मोठ्या बाई चिडल्या होत्या, कारण ते दोन वेगळे आजार. त्यानंतर मेबलने कधी चूक केली नाही.

निवृत्त झाल्यावर ती गावच्या समाजकेंद्रातल्या वर्गात कॉम्प्युटर शिकली. वयस्कांसाठीचा वर्ग होता, तिथल्या बाईंनी मराठी अक्षरं पडद्यावर आणून दिली. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटतं ते मेबलने बारीक चिठ्ठ्यांवर लिहून कळांवर चिकटवलं, आणि दोन वर्षांत अठ्ठावन्न पानांची वेबसाइट केली. आपल्या मराठी ज्यू लोकांची पक्वान्नं, सण, मेंदीची गाणी. एकेका पानावर एकेक गोष्ट. ती कशी करायची, कोणाकडून शिकले, कुठल्या साली कुठल्या सणाला केली होती, सगळं आठवेल तसं.

नाव बेंजामिनने दिलं. ‘आवासकरांच्या घरची पानं’. एकही पान त्याने वाचलं नव्हतं. पण टोरांटोहून कोणीतरी अभिप्राय पाठवला, आवासकरांचं घर धन्य आहे, आणि तेव्हापासून तो पोस्टमनलासुद्धा वेबसाइटचं सांगायचा. येत्या मंगळवारी केंद्राच्या हॉलमध्ये आपल्या वयस्क मंडळींपुढे ती मोठ्या पडद्यावर दाखवायची, हेही त्यानेच अबाजींकडून ठरवून आणलं होतं. अबाजी त्या मंडळाचे अध्यक्ष.

“सगळं एका जागी मिळालं पायजे,” तो म्हणाला होता. “कोणी बोलला मलिदा, की पटकन् मलिदा.”

म्हणून विषयसूची. शब्दावर क्लिक केलं की पान उघडलं पाहिजे. मेबलला हे काम झोपेत सांगितलं असतं तरी आलं असतं. तिने एकेक पान वाचायला घेतलं, सापडेल तो विषय चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत अक्षरवार लावल्या. मग खोकं उघडून कॉम्प्युटरवर चढवायचं. नारळाच्या सव्वीस चिठ्ठ्या निघाल्या. आपलं घर कोकणातलं. मटणाबरोबर दूध आपल्या धर्मात चालत नाही म्हणून गोडातही नारळाचंच दूध. नारळ पहिला येणार हे ती धरूनच चालली होती.

कपाळावर पट्टी बसली त्याच दुपारी, बेंजामिन झोपलेला असताना, तिने ‘प’चं खोकं उघडलं. पाणी, पुरणपोळी, पोहे. आणि ‘पडणे’. अकरा चिठ्ठ्या.

पडणे? ती चक्रावली. कोण पडलं? पानं काढून पाहिली. सगळीकडे तीच पडली होती. ‘त्या दिवशी मी पडले होते म्हणून करंज्या शुलामितने वळल्या.’ ‘मी पडल्यामुळे पाहुण्यांना बाहेरचं जेवण.’ तिला शंका आली. तिने मागची-पुढची खोकी उपसली. ‘भाजणे’, सहा. ‘मनगट’, तीन. ‘दवाखाना’, सहा. ‘हळद, जखमेवर’, पाच. तिने एकेक चिठ्ठी पानाशी ताडून पाहिली. भाजणे म्हणजे तवा. मनगट म्हणजे पिळलेलं, नाहीतर दारात चेपलेलं. यातलं काही सांगायचं म्हणून तिने लिहिलं नव्हतं. पक्वान्न लिहिताना ते आपसूक आलं होतं.

एका गोष्टीला एकच नाव. चाळीस वर्षं तिने पाच नावं वापरली होती. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी कार्डं तोंडावर फेकली असती.

तिने पाची गठ्ठे एकत्र केले. दोन पानं दुबार आली होती ती वगळली. एकोणतीस उरली. नारळ मागे पडला होता.

मेबल त्या गठ्ठ्याकडे पाहत बसली आणि तिला पहिल्यांदा स्वतःची कीव आली. राग नाही, भीतीही नाही, नुसती कीव. अठ्ठावन्नातली एकोणतीस पानं. बरोब्बर निम्मं आयुष्य.

संध्याकाळी बेंजामिन प्रार्थनेला गेल्यावर तिने दूर एलात शहरात लेकीला फोन लावला. शुलामित तिथे एका हॉटेलात कामाला होती. मुलीला मराठी कळायची; उत्तर मात्र हिब्रूत यायचं.

“शुलामित, तू ल्हान असताना घरात काय व्हायचं ते तुला याद हाय?”

पलीकडे हॉटेलातलं संगीत मागे पडलं; शुलामित फोन घेऊन बाजूला गेली.

“इमा, पुरे,” शुलामित हिब्रूत म्हणाली. आईला ती इमा म्हणायची, वडिलांना अबा. “अबा म्हातारे झालेत. ते सगळं संपलं.”

“आज दुपारी कपाळ फुटलं माझं.”

“मग माझ्याकडे ये. किती वर्षं सांगतेय? बस पकड आणि ये.”

“येईन. पण इंडेक्स अर्धा ऱ्हायलाय.”

शुलामितला वाटलं आईचं डोकं फिरलं. तिने कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं? मराठी तिला वाचता येत नव्हती, ती पानं तिने कधी वाचली नव्हती. ती वाचू शकतील अशी माणसं गावात आता मोजकीच होती: मुंबईहून आलेली, साठी उलटलेली, याच इमारतींत राहिलेली. भिंतीपलीकडे राहून ज्यांनी सारं ऐकलं होतं, तीच.

मेबलला मार नवा नव्हता. त्याचं नाव उच्चारायचं, एवढंच राहिलं होतं. ते नाव गाळलं तर मंगळवारी टाळ्या पडतील, टोरांटोहून अभिप्राय येतील आणि ती आवासकरांच्या घरात पडून पडून मरेल. घातलं तर काय होईल ते तिला नीट ठाऊक होतं. सोमवारी दुपारी तिने ‘म’चं खोकं कॉम्प्युटरवर चढवलं. मलिदा. मसूर. मार. मासळी. मिरची. ‘मार’पुढे एकोणतीस आकडे टाकले, प्रत्येकाला दुवा जोडला, प्रत्येक दुवा उघडून तपासला. मग मागे जाऊन लिहिलं: पडणे – पाहा मार. भाजणे – पाहा मार. मनगट – पाहा मार.

मंगळवारी सकाळी दहाला हॉल भरला. तीसेक माणसं होती. बेंजामिन इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसला. मेबलने केस पुढे ओढून पट्टी झाकली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर रूथ येऊन बसली. रूथ गेल्या अडतीस वर्षांपासूनची शेजारीण, दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत.

“काय गो, कपाळाला काय झालं?” रूथने सवयीने विचारलं.

मेबलने सवयीचं उत्तर दिलं नाही.

पडद्यावर पहिलं पान उमटलं तेव्हा टाळ्या पडल्या. मेंदीची गाणी निघाली, दोघीतिघींनी ती बसल्या बसल्या गुणगुणली. बेंजामिन मान वळवून मागे पाहत होता, कोण कोण आलंय ते.

“आता मलिदा काढ,” अबाजी म्हणाले. सगळे हसले, कारण आपल्या लोकांत कोणीही आधी तेच मागणार. मेबलने सूचीतलं ‘म’ उघडलं.

अबाजींना दिसायचं कमी, आणि दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड. “मलिदा,” त्यांनी वाचलं. “मसूर. मार.” ते थांबले. “मार? मार कसला गो? आणि एवढे आकडे? एक उघड बघू.”

मेबलने चौदा उघडलं. पडदा भिंतीएवढा होता. ‘चिकाचा हलवा,’ अबाजींनी वाचायला सुरुवात केली. गहू तीन दिवस भिजवा, चीक काढा, नारळाचं दूध घाला. ‘सतत ढवळत राहावं. हात थांबला की खाली लागतो. एकाहत्तर साली नव्याच्या सणाला, आपल्या वर्षारंभाला, माझा हलवा लागला. सकाळी यांनी माझं उजवं मनगट चौकटीत धरून दार लावलं होतं. डाव्या हाताने ढवळावं लागणार असेल तर कढई लहान घ्यावी.’

वाचताना अबाजींचा आवाज बारीक होत गेला, पण थांबायचं कुठे ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

बेंजामिन हसला. “म्हातारी झाली आमची बाय. कायच्या काय याद येतं तिला.”

“चौदा खरा हाय,” रूथ म्हणाली. ती उभी राहिली नाही, बसल्या जागीच बोलली. “एकतीसपण उघड, मेबल. तिथे पन हाय ना?”

“हाय.”

“दारफाळणीचा सण.” रूथ आता लोकांकडे वळली. “पांढरे कपडे घालून आपण सगळे दारं लावून बसतो, तो दिवस. भिंतीपलीकडे ही ओरडत होती, मी ऐकत होते. त्या दिवशी दार उघडायचं नसतं म्हणून मी उघडलं नाय.” तिने ओढणीने ओठ पुसले. “बाकीच्या दिवशी का नाय उघडलं ते मला अजून समजलेलं नाय.”

मग चहा आला. लोकांना हायसं वाटलं, कारण हातात कप असला की तोंड उघडावं लागत नाही. दोघातिघांनी जाऊन बेंजामिनशी हात मिळवला. त्याला सोडूनही देववत नव्हतं, त्याच्याजवळ थांबवतही नव्हतं. मागच्या रांगेतली एक बाई मेबलजवळ आली, जिच्याशी ती जन्मात दहा वाक्यं बोलली नसेल. तिने कपात पाहत विचारलं, “त्या इंडेक्समध्ये दुसऱ्या घरातलं घालता येतं का गो?”

“येतं,” मेबल म्हणाली.

घरी आल्यावर बेंजामिनने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट लावला, बाह्या दुमडल्या आणि दाराला आतून कडी घातली. भर दुपार होती. खाली अंगणात कोणीतरी गालिचा झटकत होतं.

“काढ ते.”

“नाय.”

“एक मिन्टाचं काम हाय, मला सांगितलंय वर्गातल्या बायने. काढ.”

“एक मिन्टाचंच हाय,” मेबल म्हणाली. “पन मी नाय काढणार.”

त्याने तिला केसांना धरून खुर्चीत बसवलं आणि तिचं तोंड पडद्यावर आपटलं. पट्टी सुटली. मग उजवा हात धरून कीबोर्डवर दाबला. ती कळ दाबेना तेव्हा तिचं एक बोट त्याने मागे वाकवलं. फिटरचा हात होता, वय झालं तरी पकड गेली नव्हती. बोटातून कडकन आवाज आला. मेबल ओरडली, खालचा गालिचा थांबला. “काढ,” तो म्हणाला. तिने मान हलवली. त्याने दुसरं बोट घेतलं. या वेळी आवाज तिच्याच किंकाळीत बुडाला. ती खुर्चीवरून खाली आली, त्याने बरगडीत लाथ घातली, एकदा, पुन्हा. तिला श्वास सापडेना. फरशीवरून तिला त्याचे पाय स्वयंपाकघराकडे जाताना दिसले आणि तिला वाटलं, आता जिवानिशी मारतो. पाय परत आले तेव्हा त्याच्या हातात वरवंटा होता. तिने डोळे मिटले.

घाव कॉम्प्युटरवर पडला. काच फुटली, मग खालचं खोकं. तो ठेचत राहिला, नेटाने, बोल्ट बसत नसला की ठोकावा तसा, पत्रा आत जाईपर्यंत. कळा फरशीभर उडाल्या. मग त्याने वरवंटा खाली ठेवला आणि धापा टाकत पलंगावर बसला.

“संपलं,” तो म्हणाला. “गेली तुझी वेबसाइट. च्या टाक.”

फरशीवर पडल्या पडल्या मेबलला हसू आलं, बरगडी कळवळली म्हणून तिने ते आवरलं. बिचाऱ्याला वाटत होतं की पानं त्या खोक्यात होती. तीस वर्षं यंत्रं जोडली त्याने. यंत्र मोडलं की त्यातला माल गेला एवढंच त्याला ठाऊक. पानं कुठल्या दूरच्या देशातल्या कपाटात सुखरूप होती, आत्ता या घटकेला टोरांटोत कोणी ‘म’ उघडून बसलं असेल. हे त्याला सांगायची तिला अजिबात इच्छा झाली नाही. चहा टाकायचीही झाली नाही.

दार वाजलं. नुसतं वाजलं नाही, कोणीतरी ते दोन्ही हातांनी बडवत होतं.

“बेंजामिनभाऊ, दार उघडा!” रूथचा आवाज होता. “मी पोलिसांना फोन केलाय. उघडा, नायतर मी हितून हलणार नाय!”

बेंजामिन उठला. शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि कडी काढली. दारात रूथ, तिच्यामागे जिन्यावर तीन-चार जण. कोणी चपला न घालताच आलं होतं.

“काय नाय,” तो हसून म्हणाला. “पडली ती.”

रूथ त्याला बाजूला सारून आत शिरली. तिने फरशीवर बसून मेबलचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोलीस येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून दोघी थेट पोलीस चौकीत गेल्या. मेबलचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, एक डोळा उघडत नव्हता. समोर तिकवा नावाची तरुण अधिकारी होती. तिची आजी कोचीनची, स्वतः ती इथेच जन्मलेली, मराठीचं तिला एक अक्षर येत नव्हतं. बेंजामिनला आदल्या दिवशीच आत घेतलं होतं. पण त्याने सांगितलं होतं की एकदाच हात उठला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि बरेच शेजारी त्याच्या चांगुलपणाची ग्वाही देत होते.

“आधीचं काही सांगता येईल का?” तिकवाने हिब्रूत विचारलं. “कधी, कसं? तारखा नसल्या तरी वर्षं?”

“तुमच्या कॉम्प्युटरला इंटरनेट आहे?” मेबलने विचारलं.

तिने डाव्या हाताने, एकेक कळ शोधत, पत्ता घातला. पान उघडलं. तिने ‘म’ काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिकवाला अक्षरं कळली नाहीत, पण ओळीची लांबी कळली. तिने ओठांतल्या ओठांत आकडे मोजले आणि मग दार लावून घेतलं.

“वाचून कोण दाखवणार?”

“मी,” रूथ म्हणाली. तिचं हिब्रू बाजारातलं होतं, पण पुरेसं होतं. तिने पहिला आकडा दाबला, दोन नंबरचं पान, आणि चष्मा लावून वर-खाली नजर फिरवली. “हा शिरा आहे,” ती तिकवाला म्हणाली. “कसा करायचा ते आहे आधी. मारायचं खाली येतं.”

“खालचं तेवढं सांगा,” तिकवा म्हणाली. “शिरा नको.”

रूथने मेबलकडे पाहिलं.

“नाय,” मेबल म्हणाली. तिचा ओठ सुजला होता, शब्द नीट निघत नव्हते, तरी ती सावकाश, खुर्चीत ताठ बसून, हिब्रूत तिकवालाच म्हणाली, “पान माझं आहे. वरपासून लिहा.”

तिकवाने घड्याळाकडे पाहिलं, मग मेबलच्या बंद डोळ्याकडे. तिने कीबोर्ड जवळ ओढला.

“रवा, दोन वाट्या,” रूथने सुरुवात केली. “बारीक.”

तिकवा लिहू लागली.